बंब येईल या भीतीने अलार्म तपासायचाच नाही, हे मला पटत नाही

घरातला स्मोक अलार्म शेवटचा कधी तपासला असं विचारून बघा, बऱ्याच जणांकडून एकच उत्तर येतं, "अहो तो कंपनीला जोडलेला आहे, बटण दाबलं आणि बंब दारात आला तर?" भीती खोटी नाहीये. मॉनिटरिंगवाल्या अलार्मचा सिग्नल कंपनीच्या लक्ष ठेवणाऱ्या सेंटरला जातो, तिथून आपल्याला फोन येतो, आणि फोन उचलला नाही किंवा पासवर्ड सांगता आला नाही तर ते फायर ब्रिगेडला कळवतात, काही ठिकाणी तर आगीचा सिग्नल आला की आधी ब्रिगेडला कळवतात आणि मग आपल्याला. आणि बंब उगाच आपल्याकडे आला म्हणजे तेवढा वेळ तो खऱ्या आगीसाठी मोकळा नसतो, हे मलाही कळतं.

पण म्हणून वर्षानुवर्षं हातच लावायचा नाही? बॅटरी मेली आहे का, आवाज येतो का, काहीच माहीत नाही आणि त्याच्या भरवशावर रात्री पोरंबाळं झोपवायची?

उपाय एका फोनचा आहे. सेंटरला सांगायचं, "सिस्टीम टेस्टवर टाका," म्हणजे तेवढा वेळ सिग्नल आला तरी ते कुणाला पाठवत नाहीत. नंबर पॅनलवरच्या, म्हणजे सिस्टीमच्या भिंतीवरच्या डब्यावरच्या, स्टिकरवर किंवा करारात असतो, ते अकाउंट नंबर आणि पासवर्ड विचारतात, किती वेळासाठी ते विचारतात, एक तास घरासाठी पुष्कळ होतो. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्येही ही सोय असते. ब्रिगेडच्या इमर्जन्सी नंबरवर मात्र यासाठी फोन करू नका, ती लाइन खऱ्या संकटासाठी आहे. फोनवरच्या माणसाने "टाकलं" म्हणेपर्यंत स्टुलावर चढायचं नाही, एवढं पाळा.

मग घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना सांगून बटण दाबून धरायचं. बऱ्याच अलार्मचा आवाज ठरलेला असतो, तीन बीप, थोडी शांतता, परत तीन बीप. अलार्म एकमेकांना जोडलेले असतील तर एक दाबला की सगळे वाजले पाहिजेत, म्हणून एकाला सगळ्यात लांबच्या बेडरूममध्ये दार लावून उभं करा आणि आत किती ऐकू येतं ते विचारा, कारण आवाज शेवटी तिथेच पोचायचाय.

आता जे लोक सोडून देतात ते. आवाज बंद करून पॅनल रीसेट केलं की सेंटरला परत फोन करायचा आणि विचारायचं, "सिग्नल आला का, किती वाजता आला, कुठल्या झोनचा, म्हणजे घराच्या कुठल्या भागाचा दिसतोय?" त्यांच्याकडे सगळी नोंद असते, वाचून दाखवतात. काही मॉडेलमध्ये टेस्टचं बटण दाबलं की फक्त घरात आवाज होतो, सिग्नल बाहेर जातच नाही, किंवा मधल्या काळात इंटरनेट बदललेलं असतं आणि लाइन तुटलेली असते, आणि घरात बसून हे नेहमी कळतंच असं नाही. मला तर हा दुसरा फोन बटणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याच फोनवर सिस्टीम टेस्टवरून काढायला सांगा. ठरलेली वेळ संपली की बहुतेक ठिकाणी ती आपोआप निघते, तरी तोंडी खात्री करा, कारण टेस्टवर असताना खरी आग लागली तरी सेंटर कुणाला पाठवत नाही. त्या तासात खरा धूर दिसला तर घराबाहेर पडून ब्रिगेडला स्वतः फोन करायचा.

कागद पेटवून किंवा काडी ओढून धूर देऊ नका, आगीचा धोका आहेच आणि काजळी आत बसते. डिओडोरंट तर नकोच, त्याचा थर सेन्सरवर राहतो. बटणाने बॅटरी, सर्किट, आवाज कळतो, पण धूर आत शिरतोय का ते कळत नाही, त्यासाठी टेस्टिंगचा स्प्रे मिळतो, तुमच्या मॉडेलला चालतो का ते माहितीपत्रकात बघून मगच वापरा. जाळीत धूळ आणि बारीक किडे बसतात, व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवा. आणि हो, साफसफाई, भिंत घासणं, रंगकाम यानेही अलार्म वाजतो, तेव्हाही आधी टेस्टवर टाका.

महिन्यातून एकदा बटण, आणि मागे छापलेली तारीख बघून 10 वर्षं झाली असतील तर अख्खा अलार्मच बदला, नुसती बॅटरी बदलून भागत नाही.

माझा खरा राग बसवून देणाऱ्यांवर आहे. भोकं पाडून, सही घेऊन निघून जातात, टेस्टवर कसं टाकायचं ते कुणी सांगत नाही. त्यांनी जाण्याआधी घरच्या माणसाच्या हाताने सेंटरला फोन करवून, बटण दाबवून, परत फोन करवून दाखवलं पाहिजे, आणि ते झाल्याशिवाय तुम्ही सही करू नका. वयस्कर आईवडील एकटे राहत असतील तर त्यांच्या अकाउंटवर तुमचंही नाव आणि पासवर्ड टाकून घ्या, म्हणजे फोन तुम्हाला लांबूनही करता येईल आणि तिथे स्टुलावर चढायला फक्त एखादा तरुण शेजारी लागेल.