कपॅसिटर हा ‘जुगाड’ नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एनआरएफ२४एल०१+ रेडिओ मॉड्यूल आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडण्यावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या पिनांवर कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवून गरजेला देणारा छोटा भाग, लावा असं मी त्यात सांगितलं होतं. इतरांसाठी ती थोडक्यात सांगतो. पिनांचं चित्र उलटं आहे. चॅनल ७६ कशाला, सरळ १०८ ठेवा म्हणजे वाय-फायचा त्रास नाही. आणि ‘दिसेल त्याला कपॅसिटर लावा सांगणं हा न कळता केलेला जुगाड आहे, माझी मॉड्यूलं त्याच्याशिवाय उत्तम चालतात, इकडून तिकडून उचलून लिहू नये.’

चित्राबद्दल आपण बरोबर आहात. ते मी मॉड्यूल पालथं धरून, पिना समोर ठेवून काढलं होतं आणि तसं लिहायचं राहून गेलं. वरून बघून तसंच जोडलं तर ग्राउंड आणि व्हीसीसी (पुरवठ्याची पिन) यांची अदलाबदल होते. चूक माझी. आज चित्र बदललं आहे, आणि ग्राउंडच्या पिनेभोवती बहुतेक बोर्डांवर जी चौकोनी खूण असते तीही दाखवली आहे.

‘इकडून तिकडून उचलून’ हे मात्र लागलं. चूक दाखवा, आकडा खोडून काढा, माझी तक्रार नाही. पण लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायचं तर काय उचललं आणि कुठून, तेही सांगावं लागतं. बारा वर्षं मी ही मॉड्यूलं जोडतो आहे, आणि लेखातला प्रत्येक आकडा डेटाशीटशी (चिपच्या माहितीपत्रकाशी) ताडून मगच छापला आहे. एका ओळीत तो सगळा खटाटोप निकालात काढणं योग्य नव्हतं.

आता जुगाड. साधं मॉड्यूल, म्हणजे बोर्डावरच नागमोडी अँटेना असलेलं, पूर्ण ताकदीने पाठवताना ११.३ मिलिअँपिअर घेतं आणि ऐकताना फार तर १३.५. आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनेवरून ५० मिलिअँपिअर घेता येतात. वायरी बोटभर असतील, बोर्ड धड असेल, तर कपॅसिटर नसला तरी बहुतेक वेळा काम भागतं. तुमचं चालतं याचं मला नवल वाटत नाही. पण लेख ज्यांचं चालत नाही त्यांच्यासाठी होता, हे शीर्षकातच लिहिलेलं होतं.

बाहेर दांडीसारखी अँटेना असलेलं पीए+एलएनए मॉड्यूल, म्हणजे पाठवताना आणि ऐकताना सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर असलेलं, घ्या. पाठवताना ते १०० मिलिअँपिअरच्या वर जातं. चिप स्टँडबायमध्ये असते तेव्हा तिला २६ मायक्रोअँपिअर पुरतात. पाठवायचा हुकूम मिळाला की १३० मायक्रोसेकंदांत ती तयार होते आणि भार एकदम अंगावर येतो. मध्ये वीतभर जंपर वायर आणि ब्रेडबोर्डचे सैल झालेले संपर्क. व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. मल्टीमीटरला हा खड्डा दिसत नाही, त्यावर ३.२८ च दिसणार, आणि माणूस दोन दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतो. लक्षण ठरलेलं असतं: रजिस्टर (चिपमधल्या सेटिंगच्या जागा) नीट वाचली जातात, ऐकणं चालतं, पाठवणं फसतं. (सगळी रजिस्टर ०० किंवा एफएफ दिसली तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी मिसो, सीएसएन (आर्डुइनोशी बोलायच्या पिना) आणि पुरवठ्याच्या वायरी तपासा.)

हिशोबच मांडतो. १०० मिलिअँपिअर १०० मायक्रोसेकंद वाहिले तर १० मायक्रोकुलोम चार्ज लागतो. तो सगळा कपॅसिटरने द्यायचा तर १० मायक्रोफॅरॅडवर १ व्होल्ट उतरतो, १०० वर फक्त ०.१. म्हणून साध्या मॉड्यूलला १० मायक्रोफॅरॅड, पीएला १००. आणि हो, नुसत्या कपॅसिटरने भागत नाही. ३२ बाइट डेटाचं पॅकेट, पत्ता आणि सीआरसी (चूक पकडणारे बिट) वगैरे धरून, ३२९ बिटांचं होतं. २५० केबीपीएस वेगाला ते १.३ मिलिसेकंद हवेत असतं. तेवढ्या वेळात १०० मायक्रोफॅरॅडसुद्धा एकटा १.३ व्होल्टने खाली येईल. पहिला धक्का कपॅसिटर झेलतो, पुढचा भार रेग्युलेटरने उचलायचा. लेखात कपॅसिटरच्याच परिच्छेदात मी एएमएस१११७-३.३ (५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर) असलेली अडॅप्टर पट्टी सुचवली होती आणि तिला ५ व्होल्टच द्या, ३.३ च्या पिनेवर लावलीत तर मॉड्यूलपर्यंत सव्वादोन व्होल्टच पोचतील, असंही बजावलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. न वाचता ‘न कळता केलेलं’ म्हणायला काय लागतं?

जागाही महत्त्वाची. कपॅसिटर आर्डुइनोच्या टोकाला लावून उपयोग नाही, तो मॉड्यूलच्या पहिल्या दोन पिनांवरच हवा. ग्राउंड आणि व्हीसीसी शेजारी शेजारीच असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (याला प्लस-मायनस बाजू असते) पाय अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा, पट्टा असलेल्या बाजूचा पाय ग्राउंडला, दुसरा व्हीसीसीला, आणि थेट सोल्डर करा. उलटा लागला तर तो तापून फुगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हा भाग चहापेक्षा स्वस्त मिळतो.

आता चॅनल. १०८ म्हणजे २४०० अधिक १०८, २५०८ मेगाहर्ट्झ. भारतात विनापरवाना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आहे. चॅनल ८३ च्या वर जा असं मी कुणालाही सांगणार नाही. या मुद्द्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

तरीही माझं म्हणणं पटत नसेल तर पीए मॉड्यूलवर एवढं करून बघा. दोन मॉड्यूलं चार-पाच मीटर लांब ठेवा, कारण फार जवळ ठेवली तर ऐकणारं मॉड्यूल नुसत्या जोरानेच गुदमरतं. कपॅसिटर काढा. लायब्ररीत पॉवर मिनिमम ठेवून शंभर पॅकेट पाठवा, मग मॅक्सवर शंभर. मिनिममला पोचली आणि मॅक्सला गळली, तर दोष पुरवठ्याचा. मॉड्यूल कोणतं, वायर किती लांब, दोन्ही वेळी किती पॅकेट पोचली, हे आकडे इथे लिहा. मी उत्तर देईन.