सत्तेचाळिसाव्या ओळीतला नमस्कार

"अरे, काल तर चालू होतं!" हे वाक्य कानावर पडलं की समजावं, आजची झोप गेली. मंडळाच्या खजिनदारकाकांनी ते फोनवर पुन्हा पुन्हा ऐकवलं. वर्गणीचा ऑनलाइन फॉर्म, त्यातली नावं रात्री डेटाबेसमध्ये भरणारी स्क्रिप्ट आणि सकाळी आपोआप निघणाऱ्या पावत्या. गणपती तोंडावर आले आणि स्क्रिप्ट बसली. कोणी काही केलं का? छे. अशा वेळी कोणीच कधी काही केलेलं नसतं.

"व्हायरस असणार," काकांचं निदान तयार होतं. चिटणिसांनी तर घरचा राउटर बंद-चालू करून पाहिला. सर्व्हर त्यांच्या घरात नाही, हे सांगून त्यांचा उत्साह मी कशाला घालवू?

लॉग, म्हणजे स्क्रिप्टच्या चुकांची नोंदवही, उघडला. 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू', म्हणजे मजकूर चुकीचा, पुढे त्या मजकुराचा संगणकी आकडा एफ०-९एफ-९९-८एफ, रकाना नावाचा, ओळ ४७. ती ओळ काढली, तर सी विंगमधले आजोबा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं नीट आणि शेवटी जोडलेले दोन हात. व्हॉट्सॲपवर हात जोडल्याशिवाय आजोबा 'शुभ सकाळ'सुद्धा म्हणत नाहीत, मग वर्गणी काय तशीच देतील?

आमच्या डेटाबेसचं, म्हणजे मायएसक्यूएलचं, अक्षरं साठवायचं जुनं कोडिंग 'यूटीएफ-८' एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट जागा देतं. देवनागरीचं त्यात भागतं: 'क'ला तीन, वर काना दिलात तर त्याचे वेगळे तीन. या इमोजीला मात्र चार लागतात. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसला, तर कंडक्टर फार तर त्याला उठवेल. इथे अख्खी गाडीच डेपोत परत गेली, कारण स्क्रिप्ट सगळी नावं एकाच इन्सर्टमध्ये, म्हणजे भरण्याच्या एकाच हुकमात, कोंबत होती. चार बाइटवालं 'यूटीएफ-८-एमबी-४' २०१० मध्येच आलंय. पण अर्धवटाला मूळ नाव आणि पुऱ्याला शेपूट, हा न्याय फक्त आमच्या सोसायटीतच चालतो असं मला वाटत होतं.

नावांचं टेबल नव्या कोडिंगवर न्यायला घेतलं, तर इंडेक्स, म्हणजे नावं पटकन शोधायची सूची, रुसला. सर्व्हर जुना, सूचीतली एक नोंद ७६७ बाइटांपेक्षा मोठी चालणार नाही म्हणे. रकाना २५५ अक्षरांचा. तिनाने गुणलं की ७६५, अगदी काठावर बसत होतं. चाराने गुणलं की १०२०. रकाना १९१ वर आणला: ७६४. आता झालं म्हणून स्क्रिप्ट चालवली, तर पुन्हा तीच रड! टेबल सुधारलं होतं, पण स्क्रिप्टचं डेटाबेसशी कनेक्शन अजून जुन्याच कोडिंगमध्ये बोलत होतं. तेही बदललं आणि पावत्या धडाधड सुटल्या. आजोबांच्या पावतीवर हातांच्या जागी चौकोन छापून आला. तो फॉन्टचा विषय, त्याच्याशी मी त्या रात्री भांडलो नाही.

"म्हणजे नाव आता १९१ अक्षरांतच बसवायचं?" काका गंभीर झाले. "बैठकीत मांडावं लागेल."

मांडलं. फॉर्ममध्ये कोणी नमस्कार करू नये, असा ठराव आला. त्यावर संस्कृतीचा मुद्दा निघाला, दोघे उठून उभे राहिले, तेवढ्यात चहा आला. विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब.