पुन्हा खणला रस्ता!

डांबर पडून धड महिना झाला नाही, तोच एवढ्याशा गावातला एकुलता एक चांगला रस्ता पुन्हा खणला. आधी पाण्याची पाइपलाइन, मग केबल, आता गटार! अरे, एकदा एकत्र बसा, जमिनीखालची कामं आधी उरका आणि मग डांबर टाका ना! आणि चर बुजवतात कसा, तर नुसती माती लोटून. थराथराने पाणी मारून ती ठोकली नाही, तर पहिल्या पावसात खचणारच. कडेच्या भेगांतून पाणी आत शिरतं आणि शेजारचं धड डांबरही उखडतं. काल शेजारच्या आजी त्याच चरात पाय मुरगळून पडल्या. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर, 'ते काम आमच्याकडे नाही.' मग कुणाकडे आहे, ते तरी सांगा!