पन्नाशीनंतर मेंदू ‘बंद’ होतो म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या पंधरवड्यात बडोद्यातल्या आमच्या तीन-चार मराठी ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मेंदू पंचविशीपर्यंत वाढतो, पुढे नुसता झिजतो. स्वभाव तिशीनंतर बदलत नाही. ज्याच्या हातून काही व्हायचं ते चाळिशीच्या आत होतं, ज्ञानेश्वरांचंच बघा. तेव्हा पन्नाशी उलटलेल्यांनी नव्याच्या नादी न लागता वयाने आलेलं शहाणपण घेऊन स्वस्थ बसावं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे वाचून संस्कृतच्या वर्गात नाव घालायचं रद्द केलं. तेव्हापासून ते मनातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

पंचविशीचा आकडा अगदीच हवेतला नाही. कपाळामागचा, बेत आखणारा आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीतही पक्का होत राहतो. पण पक्कं होणं म्हणजे बंद पडणं नव्हे. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू एकामागोमाग उडवत झेलायला शिकवलं होतं. तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली. विशीतल्यांइतकं त्यांना जमलं नाही, आणि सराव सोडल्यावर ती वाढ ओसरली, हेही त्यात आहे. म्हणजे वेग कमी होतो आणि काम सोडलं की कमावलेलं जातं. यातलं ‘आता शिकता येत नाही’ हे कुठे आलं?

शिवाय बुद्धी म्हणजे एकच एक वस्तू नाही. नवं कोडं झटकन सोडवण्याची ताकद वेगळी आणि साठवलेल्या ज्ञानाची ताकद वेगळी, हा फरक मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटल यांनी मांडला. पहिली तरुणपणीच उतरू लागते. दुसरी, म्हणजे शब्दसंग्रह वगैरे, साठीपर्यंतही वाढत राहते. हे मला पुस्तकात वाचण्याआधी मराठीच्या जुन्या मोडी लिपीच्या वर्गात कळलं.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजेसासऱ्यांची पत्र्याची ट्रंक होती. आतले कागद कुणालाच वाचता येत नव्हते. बावन्नाव्या वर्षी मी मोडी शिकायला बसले. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसणार. शेजारी एम.ए.ची एक मुलगी बसायची. तिने आठ दिवसांत मुळाक्षरं पाठ केली. मला दोन महिने लागले, आणि तेवढ्यात मी दोनदा वर्ग सोडायला निघाले होते.

मग प्रत्यक्ष कागद हाती आले. एका ओळीवर ती मुलगी अडकली. अक्षरं तिने बिनचूक लावली होती: व-र्षा-स-न. तिने ते ‘वर्षा’ आणि ‘सन’ असं तोडलं आणि पावसाचा नि सालाचा संबंध शोधत बसली. मला ते पाहताक्षणी लागलं. माझी आजी म्हणायची, ‘आमचं वर्षासन बंद झालं आणि घर उतरलं.’ वर्षासन म्हणजे दरसाल मिळणारी ठरावीक रक्कम. पुढची अर्धी ओळ मग आपोआप उलगडली. त्या दिवसापासून आम्ही जोडीने वाचतो. अक्षर ती लावते, अर्थ मी. मोडी अशी लिपी आहे की तिथे वाचणाऱ्याने आधीचं खूप काही बरोबर आणावं लागतं: नाती, सणवार, सुतक, व्याज, पायल्या-शेर. ते माझ्यापाशी होतं, आणि ते जमायला पन्नास वर्षं लागली होती.

स्वभावाचं उत्तर थोडक्यात. तिशीला स्वभाव घट्ट होतो हे मत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये मांडलं होतं. त्यानंतर माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे कितीतरी अभ्यास झाले. त्यांत सरासरीने मध्यमवयापर्यंत जबाबदारीची जाण वाढताना आणि मनाची तगमग कमी होताना दिसते. प्रत्येकाचं तसं होतंच असं नाही.

ज्ञानेश्वरांचं उदाहरण इथे आणावं याचं मला वाईट वाटलं. त्यांच्यावरून बाकीच्यांचं माप कसं काढायचं? याच बडोद्यात 1916 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ती ज्यांच्या खटपटीने भरली ते संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. शिक्षणाने वकील. ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय 1918 सालचं आणि लखनौचं संगीत महाविद्यालय 1926 सालचं, दोन्ही यानंतरची. त्याच 1916 मध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. यातलं भातखंड्यांचं काम मला जास्त जवळचं वाटतं, कारण गायकांच्या घराण्याघराण्यांतून चिजा, म्हणजे बंदिशी, गोळा करण्यात आधीची कितीतरी वर्षं गेली होती. ते काम तिशीत पुरं होण्यासारखं नव्हतंच.

राहिलं वयाने येणारं शहाणपण. मजकुरातली ही एकच गोष्ट ऐकायला गोड आहे आणि तीच मला सगळ्यांत घातक वाटते. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांपुढे आयुष्यातले अवघड प्रसंग ठेवून त्यांची उत्तरं तपासली. विशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत नुसत्या वयाने शहाणपण वाढलेलं दिसलं नाही. स्वस्थ बसून ते येत नाही.

आपल्याकडे साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरी सतरा-अठरा वर्षं असतात. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाला नातवंडं सांभाळायची असतात, पैशाची ओढाताण असते. त्यांना ‘उठा आणि शिका’ असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांना एका मजकुराने खाली बसवू नये.

त्या बाईंना मी काल फोन केला होता. संस्कृतच्या वर्गात अजून जागा आहे. आणि रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार, कुठेही कुणाच्या माळ्यावर मोडी कागद पडून असतील तर कळवा. रविवारी दुपारी आम्ही दोघी येऊन वाचून देऊ.