साहेबांना वाचवा, आणि मग इतिवृत्त लिहा

युद्ध पेटलंय. गावात शत्रूचे हेर सुटलेत. एका देखण्या, सरळमार्गी अधिकाऱ्यावर फितुरीचं बालंट आलंय, आणि त्याला त्यातून सोडवेल अशी पंचक्रोशीत एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे तुम्ही. अभिनंदन! आता आधी जाऊन टायपिंगच्या क्लासात नाव घाला.

थट्टा नाही करत. गोळ्या परतवणारी कांकणं, डोळ्यांना न दिसणारं विमान, हे सगळं राहू दे बाजूला. महायुद्धातल्या महानायिकेला खरी पात्रता लागते ती मिनिटाला चाळीस शब्दांची. अमेरिकन कॉमिकातल्या वंडर वुमनचंच बघा. १९४१ च्या अखेरीस ती पहिल्यांदा छापून आली. स्टीव्ह ट्रेव्हर हा अमेरिकी लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यातला अधिकारी हेरांच्या मागावर असताना विमानासकट तिच्या बेटावर कोसळला. तिने त्याची सेवाशुश्रूषा केली. त्याला परत कुणी पोचवायचं यासाठी बेटावर स्पर्धा लागली, तीत आईची मनाई मोडून, तोंडाला मुखवटा लावून ती उतरली आणि जिंकली. घरदार, राजकन्यापद सगळं सोडून अमेरिकेत आली. आणि तिथे मिळालं काय? नर्सची नोकरी. तीही आयती नाही. डायना प्रिन्स नावाची एक नर्स, होणाऱ्या नवऱ्याकडे दक्षिण अमेरिकेत जायला पैसे नाहीत म्हणून रडत बसली होती. तिला पैसे देऊन तिचं नाव आणि नोकरी घेतली. पुढे प्रगती झाली ती कर्नल डार्नेल यांच्या कचेरीत सेक्रेटरी होण्यापर्यंत. मातीच्या मूर्तीत देवीने प्राण फुंकून घडवलेली बाई, आणि बसलीय साहेबांचं डिक्टेशन घेत.

तेव्हा क्लास लावा.

वेषांतराची फार चिंता करू नका. चष्मा लावा, केस आवळून बांधा, झालं. काही चिकित्सक मंडळी विचारतात की स्टीव्ह ट्रेव्हर रोज ज्या बाईच्या हातून कागद घेतो तीच वंडर वुमन आहे हे त्याला कळत कसं नाही. ही मंडळी बहुधा कधी कुठल्या कार्यालयात लिपिक नव्हती. कागद आणून देणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघतो कोण? नजर थेट कागदावर जाते, सही करायची जागा शोधायला.

कांकणं सांभाळा. पुरुषाने ती साखळीने एकमेकांना जोडली की शक्ती जाते. लग्नाबद्दल नाही, कॉमिकबद्दल बोलतेय.

सोन्याचा पाश मात्र बेताने वापरा. ज्याच्याभोवती तो पडतो त्याला ऐकावंच लागतं, खरं बोलावंच लागतं. हा पाश ज्याला सुचला तो विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब वाढतो, यावरून त्याने खोटं पकडायची चाचणी बसवली होती. १९२३ मध्ये ती वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेली आणि न्यायालयाने पुरावा म्हणून चक्क नाकारली. मग त्याने तीच कल्पना कॉमिकात घातली, जिथे अपील करायला कुणी नसतं. तुम्ही चुकूनही हा पाश चौकशी समितीवर टाकू नका. सगळेच सदस्य एका वेळी खरं बोलायला लागले तर अहवालावर सह्या कोण करणार?

आता अधिकाऱ्याला अडकवतात कसं, ते जरा समजून घ्या, कारण सगळं काम तिथेच आहे. टीव्हीवरच्या वंडर वुमन मालिकेच्या १९७६ मधल्या एका भागात बॅरोनेस फॉन गुंथर ही नाझी हेर स्वतः गजाआड असते, तरी तिच्या टोळीमुळे संशय येतो तो स्टीव्ह ट्रेव्हरवरच. म्हणजे काल ज्याने हेर पकडून दिले तोच आज हेर. कॉमिकात नि मालिकेत हे करायला नाझी लागतात. खऱ्या जगात तेवढा खर्च पडत नाही, आपलंच खातं पुरतं. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसला जर्मनांचा हेर ठरवलं ते त्याच्याच वरिष्ठांनी. पुरावा काय, तर जर्मन वकिलातीतल्या केराच्या टोपलीतून निघालेला एक फाटका कागद. अक्षर एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं. पुढे हे उघडं पडायला लागलं तेव्हा मेजर आंरीने आणखी एक पत्र बनवलं, दोन कागदांचे तुकडे जोडून. १८९८ मध्ये एका अधिकाऱ्याने ते दिव्यापुढे धरलं आणि दिसलं की कागदावरच्या चौकटींच्या रेषा दोन वेगळ्या रंगांच्या आहेत. ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. आणि केराच्या टोपलीतून तो पहिला कागद ज्या हाताने बाहेर आला ती वकिलातीतली झाडूवाली, मारी बास्तियां. तिचं नाव तुम्ही आत्ता पहिल्यांदाच ऐकलंत ना? ऐकून घ्या, पुढे लागणार आहे.

रेषांच्या रंगावर मी एवढी का रेंगाळले ते सांगते. आमच्या कार्यालयात (कुठलं ते विचारू नका, सगळीच सारखी) गेल्या महिन्यात आमच्या साहेबांवर असंच किटाळ आलं. तपासणी अहवाल येण्याआधीच बिल मंजूर केलं म्हणून कारणे दाखवा नोटीस, पाठोपाठ खातेनिहाय चौकशी. आवक रजिस्टरात तपासणी अहवालाची नोंद बिलानंतरच्या तारखेची. साहेब घामाघूम. युनियनचे पुढारी अचानक रजेवर. मी ते रजिस्टर घेऊन खिडकीशी गेले. वरच्या-खालच्या दोन्ही नोंदी निळ्या शाईच्या, ऐसपैस. मधली नोंद काळपट, दोन ओळींच्या मध्ये अंग चोरून बसवलेली, आणि तिचा क्रमांक खाडाखोड करून तयार केलेला. तारीख बघितली तर गुढीपाडव्याची! पाडव्याला कार्यालयात येऊन आवक नोंदवणारा कर्मचारी या महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. मग टपालाची वही शोधली, ती रेकॉर्ड रूममध्ये मोडक्या खुर्चीखाली सापडली, आणि तिच्यात आमच्याच शिपाईमामांची सही होती, खऱ्या तारखेसह, बिलाच्या आधीची. प्रमाणित प्रती काढल्या, टिपणी तयार केली, समितीपुढे ठेवली. साहेब सुटले.

आणि इथे येते सर्वांत महत्त्वाची सूचना: साहेब सुटले की बैठकीला वही घेऊन जा.

साहेबांच्या सत्कारासाठी बैठक भरली. शाल, श्रीफळ, पेढे. ‘सत्याचा विजय’ वगैरे झालं. साहेबांनी आपल्या ‘संयमाबद्दल’ भाषण केलं. कुणाला तरी आठवलं की हे सगळं लिहून घ्यायला हवं, आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. ‘मॅडम, तेवढं इतिवृत्त घ्या ना, तुमचं अक्षर छान आहे.’

अक्षर छान आहे! त्या अख्ख्या प्रकरणात अक्षर कुणाचं खोटं होतं, शाई कुठली होती हे ज्या बाईने शोधलं, तिच्याबद्दल या माणसांना आठवलं काय, तर तिचं अक्षर. आणि मी एकटी नाही हो. १९४२ मध्ये जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका या तमाम महानायकांच्या मंडळात वंडर वुमनला घेतलं, ते कशासाठी? चिटणीस म्हणून. बाप्ये लढाईला निघाले, आणि बेटावरून आलेली, विमान उडवणारी, तोफगोळे झेलणारी बाई मागे थांबली आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला. त्या मंडळात ज्यांच्याकडे तिच्याइतकी ताकद नव्हती असेही सभासद होते, त्यांच्यातल्या एकालाही कुणी म्हणालं नाही की बाबा रे, तू जरा टिपणं काढ, आज या बाईला जाऊ दे. आपल्याकडे परळच्या वाडिया मूव्हिटोनच्या सिनेमांत स्टंट-नटी नादिया १९३५ पासून चाबूक घेऊन गुंडांना छपरावरून फेकत होती, तिला कुणी इतिवृत्त लिहायला बसवल्याचं ऐकिवात नाही. पण ते बहुधा हातात चाबूक असल्यामुळे. चाबूक ठेवायला सरकारी कार्यालयात परवानगी नाही. चौकशी केली मी. चहा कुणी सांगायचा, हार कुणी आणायचे, पेढ्यांचे पैसे कुणी गोळा करायचे, वाढदिवसाचं कार्ड कुणी फिरवायचं, पाहुण्यांना पाणी कुणी विचारायचं हे जिथे न सांगता ठरलेलं असतं, तिथे हेरांना पकडणाऱ्या बाईने वहीच आणायची असते. आणली मी. लिहिलं. ‘मा. साहेबांनी संयमाने परिस्थिती हाताळली.’ माझ्याच छान अक्षरात.

पदोन्नतीची घाई नको. १९४३ च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर वंडर वुमन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी आहे. सोबत खुलासा आहे: एक हजार वर्षांनंतर.

टोपणनाव निवडा, पण दुसऱ्याचं. मार्स्टन ‘चार्ल्स मोल्टन’ या नावाने लिहायचा. तो शिकवायचा त्या सेक्रेटरीच्या अभ्यासक्रमातली एक विद्यार्थिनी, जॉय हमेल, त्याने १९४४ मध्ये मदतनीस म्हणून घेतली. पुढे तो आजारी पडला आणि ही बाई वंडर वुमनच्या गोष्टी लिहायला लागली. सत्तरच्या आसपास लिहिल्या. छापताना खाली नाव? चार्ल्स मोल्टन. तिला तिच्या कामाबद्दल जाहीर पुरस्कार मिळाला २०१८ मध्ये, तेव्हा ती नव्वदी ओलांडून गेली होती. सेक्रेटरी होणाऱ्या महानायिकेची गोष्ट सेक्रेटरी व्हायला आलेल्या मुलीने लिहिली आणि तिच्या नावाच्या जागी एका बाप्याचं नाव! आता हा विनोद आहे की काय आहे, ते तुम्हीच ठरवा. मला हसू येणं बंद झालंय.

युद्ध संपल्यावर वेळेवर घरी जा. कॉमिकातल्या बाईलाही तेच करावं लागलं. मार्स्टन १९४७ मध्ये गेला आणि पुढच्या लेखकांच्या हातात ती अधिकाधिक लग्नाच्या गोष्टीत अडकत गेली. १९६८ मध्ये तर शक्तीच काढून घेतली आणि तिने कपड्यांचं दुकान टाकलं. खऱ्या बायकांचं याहून वाईट झालं. अमेरिकेत हजारावर बायका वास्प या नावाखाली लष्कराची विमानं चालवत होत्या. कारखान्यातली नवी विमानं तळावर पोचवणं, दुरुस्त झालेली चालवून बघणं, तोफखान्याच्या सरावासाठी मागे नेम धरायचं लक्ष्य बांधून उडणं, सगळं. अडतीस जणी मेल्या. त्या ‘लष्करात’ धरल्या जात नव्हत्या म्हणून शवपेटीवर झेंडा नाही, अंत्यविधीचा खर्च नाही. मैत्रिणींनी वर्गणी काढून मृतदेह घरी पाठवले. त्या सैनिक होत्या हे सरकारला मान्य व्हायला १९७७ साल उजाडावं लागलं. ज्या टीव्हीवर तेव्हा वंडर वुमन गरगर फिरून पोशाख बदलत होती, त्याच देशात. कल्पनेतल्या बाईला सगळं द्यायला यांना काही वाटत नाही. टियारा घ्या, विमान घ्या, देवीचं वरदान घ्या. खऱ्या बाईला एक झेंडा द्यायला तीस वर्षं.

बस झालं. उपरोध गेला चुलीत.

साहेब, तुम्हाला सांगतेय. तुम्ही हे वाचणार नाही हे माहीत आहे, तुमच्या टेबलावर येईल ते फक्त सहीपुरतं. तुम्ही वाईट माणूस नाही. पण तुम्हाला माहीत होतं. त्या संध्याकाळी रेकॉर्ड रूमच्या दारात उभं राहून ‘सापडलं का हो काही?’ असं विचारणारे तुम्हीच होतात. आणि माईक हातात आल्यावर तुम्हाला ‘संयम’ आठवला. लाज वाटायला हवी होती. आणि तुम्ही बाकीचे, पेढा तोंडात धरून माझ्याकडे वही सरकवणारे, तुम्हाला अडचणीच्या वेळी हीच बाई लागते, तुमच्या रजेचे अर्ज, तुमची थकबाकी, तुमच्या पोरांचे दाखले, सगळं हीच शोधून देते. तेव्हा तिच्या अक्षराचं कौतुक नको, तोंड उघडून नाव घ्या.

चौकशी अहवालाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, ‘संबंधित लिपिकाने सदर बाब निदर्शनास आणून दिली.’ शुद्धिपत्रक काढता येतं, नियमात बसतं, नमुना माझ्याकडे तयार आहे. उद्या टेबलावर ठेवते. ‘संबंधित लिपिक’ खोडून तिथे पूर्ण नाव घाला, आणि या वेळी सही करण्याआधी वाचा.