"काही लागलं तर सांग" ही मदत नव्हे

एकल मातेला नातेवाइकांकडून सगळ्यात जास्त काय मिळत असेल, तर हे वाक्य. बोलणाऱ्याचं मन साफ असतं, पण काम तिच्याच गळ्यात राहतं: काय लागेल ते ओळखा, कुणाला सांगायचं ते ठरवा, फोन करा, वर मिंधे व्हा.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याच्या पद्धतीची. (ऑफिसातला हुकमी आवाज घरी पोरावर निघतो, ती तिसरी.) धीराचे शब्द ताणावर थोडेफार लागू पडतात, वेळेवर अजिबात नाही. साडेपाचला पाळणाघर बंद होणार आणि मीटिंग लांबली, तर तिथे जाऊन उभं राहणारं माणूसच लागतं.

म्हणून मदत करणाऱ्याने काम वार ठरवून आणि अख्खं अंगावर घ्यावं. "मंगळवार-गुरुवार मुलाला पाळणाघरातून आणायचं काम माझ्याकडे" म्हणजे काय? पाळणाघरात आपलं नाव आधीच नोंदवलेलं, घराची किल्ली आपल्याकडे, आणि एखाद्या दिवशी जमत नसेल तर बदली माणूस शोधणंही आपल्याचकडे. हे शेवटचं कलम सगळे विसरतात. पाचला "आज नाही गं जमत" असा मेसेज आला, की ती मदत नसल्यापेक्षा वाईट. आजारपणाचंही तसंच. मूल तापलं तर पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, हे सकाळी सातला थर्मामीटर हातात धरून ठरत नसतं.

आता स्वभाव. काळजीखोर बाई लवकर थकते, हे सगळ्यांनाच दिसतं. मला त्याहून महागात पडणारा वाटतो तो काटेकोरपणा. ऑफिसात त्याचं कौतुक होतं. घरी मात्र मामाने भरलेलं दप्तर ती रात्री उपसून पुन्हा भरते. दोनदा असं झालं की मामा हात काढून घेतो, वर "तिला कुणाचंच पटत नाही" हे नातेवाइकांत फिरतं. हट्ट चार गोष्टींपुरता ठेवावा: औषधाचं माप आणि वेळ, ॲलर्जी, गाडीतली सुरक्षित सीट, मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं. मोजे दोन रंगांचे असले तरी शाळा भरते.

आणि मदतीबरोबर मतं येतातच. आजी सांभाळते म्हणून झोपायची वेळ आजीने ठरवायची नसते. हे बोलणं अवघड आहे, पण टाळू नका. फक्त घ्यायला गेल्यावर दारातच, मुलासमोर नको. सुटीच्या दुपारी, मूल झोपलेलं असताना बोला.