काका खिडकीतून, काका कानातून

कोथरूडमधील आमच्या अठरा बिऱ्हाडांच्या सोसायटीची सभा परवा व्हिडिओ कॉलवर झाली. पावसात गच्चीवर बसता येत नाही आणि पार्किंगमध्ये डास फोडून काढतात, हे सचिवांचे म्हणणे मलाही पटले होते. माझा विषय एकच होता: माझ्या बाथरूमच्या छतातून ठिबकणारे, वरच्या काकांकडचे पाणी.

काका बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. त्यामुळे ते बोलले की त्यांचा आवाज आधी खिडकीतून येई आणि मग, इंटरनेटची प्रदक्षिणा आटोपून, माझ्या कानात शिरे. पडद्यावर त्यांचे कपाळ आणि भिंतीवरचे कालनिर्णय एवढेच दिसत होते. मी तोंड उघडताच कर्कश शिट्टी सुरू झाली.

"तुमच्याकडून घुमतंय," काका म्हणाले. "मला खिडकीतून स्पष्ट ऐकू येतंय."

"काका, तुम्ही मोबाइलवर आणि काकू शेजारी टॅबवर आहेत ना? दोहोंपैकी एक बंद करा."

"का म्हणून? ती सहसभासद आहे."

"पण फ्लॅटला मत एकच असतं."

"मत एकच द्यायचंय हो, पण ऐकायचं दोघांनी!"

मी शांतपणे समजावले की प्रत्येक यंत्र स्वतःच्या स्पीकरचा आवाज ओळखून तो माइकमधून वजा करते, परंतु शेजारच्या टॅबचा आवाज त्याला परका वाटतो. मग मोबाइल टॅबचे ऐकून पुढे पाठवतो, टॅब मोबाइलचे, आणि तेच फिरून फिरून वाढत जाते. काकांनी सारे ऐकून घेतले.

"मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलीत. मला लाइन शिकवू नका."

चित्रासह बोलता येणारा पिक्चरफोन १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला आणि पुढे बाजारात आपटला. तो फार महाग होता, असे म्हणतात. मला मात्र वाटते की त्या लोकांना काका आधीच दिसले असावेत.

शिट्टी थांबावी म्हणून सचिवांनी काकांना सोडून मलाच म्यूट केले आणि पुन्हा बोलण्याची सोयही काढून घेतली. मी ओल्या छताचे फोटो कॅमेऱ्यासमोर नाचवत राहिलो. गच्चीवरच्या सभेत निदान ओरडता तरी येत असे. एका बोटाने सभासदाची वाचा बंद करण्याचा अधिकार तिथे कोणालाही नव्हता; इथे तो सचिवांना मिळाला, याचा मला अजूनही संताप आहे. तेवढ्यात फुकटच्या खात्याची ४० मिनिटे संपली व सारी सोसायटी अंतर्धान पावली. दारात दोन-दोन गाड्या असलेल्या मंडळींनी वर्गणीचा ठराव गेल्याच सभेत फेटाळला होता.

आज सकाळी इतिवृत्त आले: "विषय क्रमांक ४, गळती. संबंधित सभासदांनी काहीही मत मांडले नाही. विषय निकाली."

मी बादली छताखाली सरकवत असतानाच वर काकांचा नळ सुरू झाला. तो आवाज मात्र एकदाच आला.